परमुलखातली भाकरी : पंडिता रमाबाई

मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. आपल्या मंडळातल्या एक भगिनी संध्याकाळच्या वेळी हातात एक कागद घेऊन माझ्याकडे आल्या. त्यांचा मुलगा आखातात नोकरीला निघाला होता, आणि तो कागद म्हणजे त्याच्या नोकरीचा करारनामा. पगार किती, राहायची खोली कोणाची, पासपोर्ट कोणाजवळ राहणार, सुट्टी कधी मिळणार, आजारी पडला तर खर्च कोणी सोसायचा, हे सगळे त्यात बारीक अक्षरांत लिहिले होते. ओसरीवर दिवा लावून दोन तास आम्ही तो कागद वाचला. बाहेर पाऊस कोसळत होता, कुंडलिकेला पूर होता, आणि त्या माउलीचा एकच प्रश्न पुन्हा पुन्हा येत होता, की हे लोक माझ्या मुलाला नीट वागवतील ना?

तिला काय उत्तर द्यावे मला कळेना. आपल्या धाटावच्या कारखान्यांत दूरदूरच्या प्रांतांतली माणसे पोटासाठी येऊन राहतात, आणि आपली मुले समुद्रापलीकडे जातात. त्यांना कोणी नीट वागवायचे आणि यांना कोणी, हा एकाच नाण्याचा हिशेब आहे. तो कागद वाचताना मला मात्र राहून राहून आठवण येत होती ती पंडिता रमाबाईंची.

रमाबाईंचे नाव आपल्यापैकी कोणी ऐकले नाही असे नाही. विधवांसाठी शारदासदन काढणारी बाई, संस्कृतची पंडिता, आणि ख्रिस्ती झालेली विदुषी, एवढे बहुतेकींना माहीत असते. यांतल्या तिसऱ्या गोष्टीवरून आपल्या आजीपणजींच्या काळी एवढे रण माजले, की बाकीचे चरित्र त्या धुरळ्यात दिसेनासे झाले. १८८३ पासून १८८९ च्या आरंभापर्यंत, म्हणजे जवळजवळ सहा वर्षे, ही बाई परदेशात राहिली. तिथे तिने पोट कसे भरले, काम काय केले, कोणाचे किती घेतले आणि त्याच्या बदल्यात काय दिले, हे फारसे कोणी सांगत नाही. आज तेच सांगण्याचा विचार आहे.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा, सह्याद्रीच्या घाटातल्या गंगामूळ नावाच्या रानातला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे विद्वान. बायकोला संस्कृत शिकवले म्हणून लोकांचा रोष ओढवून घेतलेले, आणि म्हणूनच रानात जाऊन राहिलेले. मुलीला शिकवले ते आईने, लक्ष्मीबाईंनी. पुढे सारे कुटुंब पुराण सांगत तीर्थोतीर्थी हिंडू लागले. आज या देवळात, उद्या त्या घाटावर. मिळेल ती दक्षिणा, आणि नाही मिळाली तर उपास. १८७४ च्या सुमारास दुष्काळात आईवडील दोघेही गेले. पाठोपाठ थोरली बहीणही गेली. मागे राहिली दोन भावंडे, श्रीनिवास आणि रमा. त्यांनी पायी हिंदुस्थान पालथा घातला, आणि १८७८ साली कलकत्त्यास पोचल्यावर तिथल्या पंडितांनी या वीस वर्षांच्या मुलीची परीक्षा घेऊन तिला पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या.

हे सांगण्याचे कारण असे, की विद्येवर मिळवलेल्या भाकरीची चव रमाबाईंना लहानपणापासून ठाऊक होती. पुराण सांगितले तर शिधा मिळतो, फुकट बसून मिळत नाही, हे त्यांना कोणी शिकवावे लागले नाही.

१८८० साली भाऊ गेला. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलांशी त्यांनी लग्न केले. जात वेगळी, प्रांत वेगळा. पुढच्या वर्षी मुलगी झाली, तिचे नाव मनोरमा. फेब्रुवारी १८८२ मध्ये पटकीने पती वारले. चोवीस वर्षांची ही विधवा तान्ह्या मुलीला घेऊन पुण्यास आली, आणि त्याच वर्षी तिने आर्य महिला समाज स्थापन केला. मंडळे, समाज, भगिनीसमाज असे जे काही आज आपण गावोगाव चालवतो, त्यांच्या अगदी आरंभीच्या संस्थांपैकी ही एक. सरकारने नेमलेल्या हंटर कमिशनपुढे साक्ष देताना बायकांसाठी बायकाच शिक्षिका आणि बायकाच डॉक्टर हव्यात, असे त्यांनी ठासून सांगितले. आपणच वैद्यकी शिकावी असा मग त्यांच्या मनाने निश्चय केला. त्यासाठी विलायतेला जायला हवे, आणि विलायतेला जायला पैसा हवा.

पैसा कसा उभा केला? पुस्तक लिहून. ‘स्त्रीधर्मनीति’ हे त्यांचे मराठी पुस्तक १८८२ सालचे, आणि त्याच्या विक्रीतून त्यांनी प्रवासखर्चाची तजवीज केली. १८८३ च्या उन्हाळ्यात मुंबईहून आगबोट निघाली. बरोबर दोन वर्षांची मनोरमा आणि आनंदीबाई भगत नावाची एक मैत्रीण. गंमत अशी, की त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये रमाबाईंच्या लांबच्या नात्यातल्या आनंदीबाई जोशी कलकत्त्याहून अमेरिकेला निघाल्या होत्या. एक पश्चिमेला विलायतेत, दुसरी त्याहून पलीकडे. दोघींनाही डॉक्टर व्हायचे होते.

इंग्लंडात वाँटेज नावाच्या लहानशा गावी सेंट मेरी मठ होता. या मठाच्या सिस्टर पुण्यात काम करीत, तिथूनच रमाबाईंची ओळख झालेली. आता मुद्द्याची गोष्ट ऐका. रमाबाई तिथे राहायला गेल्या त्या पाहुणी म्हणून नव्हे आणि आश्रित म्हणूनही नव्हे. हिंदुस्थानात कामाला जाणाऱ्या सिस्टरांना आपण मराठी शिकवावी, आणि त्याबद्दल मठाने आपल्याला राहायला जागा, जेवण आणि इंग्रजीचे शिक्षण द्यावे, असा त्यांचा बोलीचा व्यवहार ठरला. परक्या देशात पाऊल टाकण्याच्या आधीच आपण काय देणार आणि काय घेणार हे त्यांनी ठरवून घेतले होते. इंग्रजी त्या वेळी त्यांना जेमतेमच येत होती. पण आपल्याजवळ विकण्यासारखे काय आहे हे त्यांना पक्के ठाऊक होते. ते म्हणजे आपली मराठी.

आपली भाषा परमुलखात विकली जाते, तिला मोल आहे, हे त्या काळी किती जणांना सुचले असेल!

तरीही पहिले वर्ष फार वाईट गेले. बरोबर आलेल्या आनंदीबाई भगत यांच्या मनाचा तोल ढळला आणि त्यांनी तिथेच आत्मघात केला. अनोळखी देश, थंडी, भाषा नाही, आपल्या माणसांत परत जाण्याची वाट नाही, आणि आपला धर्म कोणी जबरीने बदलेल अशी धास्ती. या घटनेने रमाबाई हादरून गेल्या. त्याच महिन्याच्या अखेरीस, २९ सप्टेंबर १८८३ रोजी, मुलीसह त्यांनी बाप्तिस्मा घेतला. का घेतला, मनापासून घेतला की परिस्थितीने घेतला, यावर शंभर वर्षांहून अधिक काळ वाद चालू आहे आणि तो इथे उकरायचा नाही. एवढेच सांगते, की पुढे त्यांनी ज्या हट्टाने मठवाल्यांशी वाद घातले ते पाहता, ही बाई कोणाच्या दडपणाखाली मुकाट राहणारी होती असे मला तरी वाटत नाही.

कानांनी दगा दिला. ऐकू कमी येऊ लागले आणि डॉक्टर होण्याचा बेत सोडून द्यावा लागला. १८८४ साली त्या चेल्टनहॅमच्या मुलींच्या कॉलेजात गेल्या. तिथल्या मुख्याध्यापिका डोरोथिया बील या मोठ्या कर्तबगार बाई. रमाबाई तिथे गणित, शास्त्र आणि इंग्रजी वाङ्मय शिकत, आणि संस्कृत शिकवीत. म्हणजे पुन्हा तोच व्यवहार, अर्धा वेळ विद्यार्थिनी आणि अर्धा वेळ शिक्षिका.

तिथे असताना एक प्रसंग घडला. हिंदुस्थानात नोकरीला जाणाऱ्या इंग्रज तरुणांना देशी भाषा शिकाव्या लागत. रमाबाईंनी त्यांना शिकवावे असा विचार निघाला. पगार मिळेल, स्वतःच्या पायावर उभे राहता येईल, मनोरमेचा खर्च दुसऱ्यावर पडणार नाही. बील बाई अनुकूल होत्या. पण हिंदुस्थानातल्या बिशपांनी हरकत घेतली. बाईने पुरुषांना शिकवले तर हिंदुस्थानात तिचे वजन राहणार नाही, तिथल्या लोकांना ते रुचणार नाही, असे त्यांचे म्हणणे.

रमाबाई भडकल्या. भगिनींनो, हे जरा डोळ्यांपुढे आणा. ज्या बाईने कलकत्त्याच्या पंडितसभेत शास्त्रार्थ केला, पुण्यात पुरुषांनी भरलेल्या सभांतून व्याख्याने दिली, सरकारी कमिशनपुढे साक्ष दिली, तिला आपल्याच देशातल्या लोकांना काय रुचते हे परदेशी बिशप शिकवीत होते! त्यांनी बील बाईंना लांब पत्र लिहिले. आपल्या वडिलांनी आपल्याला अशी आडकाठी कधी घातली नाही, आपल्या देशबांधवांनी घातली नाही, मग ती तुम्ही का घालता, असा त्या पत्राचा रोख होता. आपले निर्णय आपण घेत आलो आहोत आणि पुढेही घेऊ, हेही त्यात आले. बेत मात्र पुढे सरकला नाही. नोकरी मिळाली नाही.

मठातल्या सिस्टर जेराल्डीन यांच्याशीही खटके उडू लागले. त्यांचा रमाबाईंवर आणि मनोरमेवर जीव होता, यात शंका नाही. पण जीव लावणाऱ्याला हक्कही हवा असतो. रमाबाई सगळी वर्षे शाकाहारी राहिल्या, त्यावरून कुरबुर. मुलीला कोणते धर्मशिक्षण द्यायचे यावरून वाद. सिस्टरांच्या गळ्यातल्या क्रूसावर लॅटिन अक्षरे का, संस्कृत का नाहीत, असा रमाबाईंचा सवाल. तुम्ही आमचे खाता, मग आमचे ऐका, असे कोणी उघड म्हटले नसेल. पण परक्या घरी राहिलेल्या बाईला ते न बोलताच ऐकू येते, कान अधू असले तरीही. ज्या मुली सासरी किंवा नातेवाइकांकडे शिकायला राहिल्या आहेत त्यांना हे अधिक फोडून सांगायला नको.

फेब्रुवारी १८८६ मध्ये रमाबाई मनोरमेला घेऊन अमेरिकेला निघाल्या. निमित्त आनंदीबाई जोशींच्या पदवीदान समारंभाचे. मठाला हे जाणे पसंत नव्हते, तरी त्या गेल्या. ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय कॉलेजात आनंदीबाईंना पदवी मिळाली तेव्हा सभागृहात रमाबाई हजर होत्या. दोन मराठी बायका, तीन वर्षांपूर्वी दोन दिशांना निघालेल्या, आणि भेट झाली ती घरापासून हजारो कोसांवर. आनंदीबाई त्याच वर्षी परतल्या आणि फेब्रुवारी १८८७ मध्ये पुण्यात क्षयाने गेल्या. एक दिवसही दवाखाना चालवायला त्यांना मिळाला नाही.

रमाबाई थोडे दिवस राहायच्या बेताने गेल्या होत्या, त्या पावणेतीन वर्षे राहिल्या. मनोरमेला त्यांनी इंग्लंडला मठात परत पाठवले. पाच वर्षांची पोर. स्वतः आई असलेल्या कोणालाही इथे थांबायला होते. ज्या मठाशी भांडण, त्याच मठावर आपले मूल सोपवायचे! पण व्याख्यानांसाठी गावोगाव हिंडायचे तर मुलीला बरोबर नेणे शक्य नव्हते. परदेशी नोकरी करणाऱ्या आजच्या बायका मूल आजीकडे ठेवून जातात. रमाबाईंच्या मुलीला आजी नव्हती.

अमेरिकेत त्यांनी पहिल्याने काय केले, तर पुन्हा शाळेत नाव घातले. लहान मुलांना खेळातून शिकवण्याची किंडरगार्टनची पद्धत तेव्हा नवी होती, ती त्या रीतसर शिकल्या. आज आपल्या अंगणवाडीत बाई मुलांपुढे रंगीत ठोकळे मांडतात, त्याची तालीम या मराठी बाईने १८८६ साली फिलाडेल्फियात घेतली होती.

मग त्यांनी इंग्रजीत पुस्तक लिहिले. उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीविषयीचे हे पुस्तक १८८७ साली फिलाडेल्फियात निघाले. कॉलेजच्या प्रमुख डॉ. रेचल बॉडली यांनी त्याला प्रस्तावना लिहिली, आणि रमाबाईंनी ते आपल्या आईच्या स्मृतीस अर्पण केले. वर्षभरात हजारो प्रती खपल्या. चार वर्षांपूर्वी जिला इंग्रजी धड येत नव्हती तिचे हे पुस्तक. पहिल्या पुस्तकाने विलायतेचा प्रवास दिला, दुसऱ्याने शाळेचे भांडवल.

त्याबरोबर व्याख्याने चालूच होती. पांढरे लुगडे नेसलेली ही ठेंगणी बाई व्यासपीठावर उभी राहून हिंदुस्थानातल्या बालविधवांची हकीकत सांगे तेव्हा सभागृहात टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता होत असे. पण नुसती कणव घेऊन त्या परतल्या नाहीत, आणि इथेच त्यांची हुशारी दिसते. वाँटेजला शिकलेला धडा त्या विसरल्या नव्हत्या. एका घराचे, एका मठाचे उपकार घेतले की ते घर आपल्यावर मालकी सांगते. म्हणून त्यांनी पैसा एका हातून घेतलाच नाही. डिसेंबर १८८७ मध्ये बॉस्टन शहरात रमाबाई असोसिएशन नावाची संस्था उभी राहिली. एडवर्ड एव्हरेट हेल हे तिचे अध्यक्ष. गावोगाव तिच्या शाखा निघाल्या, त्यांना रमाबाई सर्कल म्हणत. सभासदाने वर्षाला डॉलरभर वर्गणी द्यायची आणि ती दहा वर्षे द्यायची. म्हणजे शेकडो हातांचा थोडाथोडा पैसा, ठरलेल्या मुदतीचा, आणि विश्वस्तांच्या ताब्यात. शाळा कोणत्याही पंथाची असणार नाही, मुलींवर धर्माची सक्ती होणार नाही, हेही त्यातच ठरले. इकडे हिंदुस्थानात सल्लागार म्हणून रानडे, भांडारकर यांच्यासारखी माणसे.

हा करारनामा मला त्या आखाताच्या कागदापेक्षा फार चांगला वाटतो. यात दोन्ही बाजूंची नावे आहेत, मुदत आहे आणि हिशेब आहे.

अमेरिका त्यांनी डोळे उघडे ठेवून पाहिली. परत आल्यावर १८८९ साली त्यांनी ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त’ हे मराठी पुस्तक प्रसिद्ध केले. तिथल्या शाळा, घरे, राज्यकारभार, बायकांचे शिक्षण, बायकांचे उद्योगधंदे आणि त्यांच्या संस्था यांची त्यात तपशिलाने माहिती आहे. तिथली बाई मजुरी मागते, धंदा करते, सभा भरवते, हे त्यांना मनापासून आवडले. पण भारावून जाऊन त्यांनी लिहिले नाही. गुलामगिरीचा डाग आणि तिथल्या मूळच्या रहिवाशांवर गोऱ्यांनी केलेला अन्याय यांविषयीही त्यांनी स्पष्ट लिहिले आहे. ज्या देशाचे अन्न खाल्ले त्याचे दोष दिसू नयेत, असे त्यांना वाटत नव्हते. पुष्कळांना परदेशातून आल्यावर एक तर तिकडचे सगळे सोन्याचे दिसते नाही तर सगळे वाईट. रमाबाईंचे तसे नव्हते.

अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरून, जपानमार्गे, फेब्रुवारी १८८९ मध्ये त्या मुंबईला पोचल्या, आणि ११ मार्चला चौपाटीजवळ शारदासदन उघडले. आनंदीबाईंना पदवी मिळाली तीच तारीख, तीन वर्षांनंतरची. आरंभी मुली दोनच. त्यांतली एक विधवा आपल्या कोकणातली, देवरुखच्या जोशांची गोदूबाई. आठव्या वर्षी विधवा झालेली ही मुलगी सदनात शिकली आणि १८९३ साली धोंडो केशव कर्वे यांच्याशी तिचा पुनर्विवाह झाला. याच आपल्या बाया कर्वे. अमेरिकेतल्या कुठल्याशा गावात कोणा बाईने वर्षाला दिलेला डॉलर देवरुखच्या मुलीच्या पाटीपेन्सिलीपर्यंत असा पोचला.

आता बाजू उलटली. कालपर्यंत दुसऱ्यांच्या संस्थेत राहणारी बाई आता स्वतः माणसे नेमणारी झाली. शिक्षिका, स्वयंपाकीण, देखरेखीची बाई, गडीमाणसे, सगळ्यांचा पगार आणि सगळ्यांची जबाबदारी. ज्या मुलींना आपली जात, आपले सोवळे पाळायचे असेल त्यांना ते पाळता यावे अशी सदनात व्यवस्था होती. वाँटेजला आपल्या ताटावरून झालेली कुरबुर त्यांच्या लक्षात राहिली असली पाहिजे.

चूक त्यांच्याकडूनही झाली, आणि ती सांगितली पाहिजे. सदन १८९० मध्ये पुण्यास आले. रमाबाई आपल्या खोलीत प्रार्थना करीत तेव्हा दार उघडे असे, आणि मुली येऊन बसत. सक्ती नव्हती, हे खरे. करारात ते बसत होते, हेही खरे. पण ज्या आईबापांनी विश्वासाने मुली पाठवल्या होत्या त्यांच्या दृष्टीने ते उघडे दार म्हणजे आमंत्रणच होते. ज्या मुली खाण्याजेवण्याला आणि शिक्षणाला आपल्यावर अवलंबून आहेत त्यांच्यापुढे बाईंचे नुसते वागणेसुद्धा वजनदार ठरते. वाँटेजच्या अनुभवातून गेलेल्या रमाबाईंना हे दिसायला हवे होते. १८९३ मध्ये सल्लागार मंडळाने राजीनामे दिले, आणि पुष्कळ पालकांनी मुली काढून नेल्या. अमेरिकेहून असोसिएशनच्या एक बाई चौकशीसाठी आल्या आणि त्यांनी रमाबाईंची बाजू घेतली. अमेरिकेचा पैसा थांबला नाही, पण पुण्याचा विश्वास तुटला तो तुटलाच.

असोसिएशनचा वायदा दहा वर्षांचा, म्हणजे १८९८ पर्यंतचा. पुढे काय, याचा विचार रमाबाईंनी आधीच केला होता. पुण्याजवळ केडगावला त्यांनी शेतजमीन घेऊन आंबा, संत्री, लिंबू अशी झाडे लावली होती, म्हणजे वर्गणी संपली तरी बागेच्या उत्पन्नावर शाळा चालावी. आंब्याचे कलम लावून पाच-सात वर्षे वाट पाहणे म्हणजे काय, हे आपल्याकडच्या बायकांना ठाऊकच आहे. पण झाडे मोठी होण्याआधी दुष्काळ आला. १८९६-९७ साली मध्य प्रांतात माणसे अन्नावाचून मरू लागली तेव्हा रमाबाई तिकडे गेल्या आणि शेकडो मुलींना घेऊन आल्या. स्वतःचे आईवडील दुष्काळात गेलेली बाई ती. पुण्यात प्लेगामुळे निर्बंध आले, तेव्हा मुलींना केडगावी हलवले. पाठोपाठ १९०० चा गुजरातचा दुष्काळ. केडगावच्या मुक्तिसदनात माणसांचा आकडा दोन हजारांच्या घरात गेला.

एवढ्यांना नुसते जेवू घालून भागणार नव्हते, आणि फुकटची भाकरी रमाबाईंना रुचणारीही नव्हती. म्हणून तिथे हातमाग आले, तेलाचा घाणा आला, शिवणकाम, दूधदुभते, शेती, भांड्यांना कल्हई, आणि छापखाना. छापखान्यात खिळे जुळवणाऱ्या बायका, यंत्र चालवणाऱ्या बायका, पुस्तके बांधणाऱ्याही बायका. दुष्काळातून उचलून आणलेल्या पोरीच्या हाती दोन-तीन वर्षांत धंदा येत असे.

आणि या कामासाठी परदेशांतून माणसे येऊ लागली. मिनी एब्रम्स नावाच्या अमेरिकन बाई १८९८ मध्ये आल्या. त्यांच्यामागून अमेरिका, युरोप, ऑस्ट्रेलिया अशा दूरदूरच्या ठिकाणांहून बायका येऊन केडगावच्या उन्हात राहिल्या. आता त्या परक्या होत्या आणि यजमानीण मराठी होती. इंग्रजांचे राज्य असताना गोऱ्या बायका एका हिंदी विधवेच्या हाताखाली, ती सांगेल ते काम करीत होत्या. मुलींशी बोलायचे तर त्यांना मराठी शिकल्यावाचून गत्यंतर नव्हते. पंधरा वर्षांपूर्वी वाँटेजच्या थंडीत रमाबाई ज्यांना मराठी शिकवून आपली भाकरी मिळवीत होत्या, त्या सिस्टरांचीच जणू ही पुढची तुकडी.

मनोरमा शिकून पदवीधर झाली आणि आईच्या कामात उजवा हात झाली. लहानपणी आईपासून दुरावलेली ही मुलगी पुढे आईला सोडून फारशी राहिली नाही. तिची प्रकृती मात्र साथ देईना. जुलै १९२१ मध्ये, चाळिसाव्या वर्षी, ती आईच्या आधी गेली.

रमाबाईंनी आयुष्याची शेवटची वर्षे बायबलाच्या मराठी भाषांतराला दिली. हिब्रू आणि ग्रीक या मूळ भाषा शिकून, अडाणी बाईलाही वाचता यावे अशा सोप्या मराठीत त्यांनी ते केले. केडगावच्या छापखान्यातल्या बायका खिळे जुळवीत आणि रमाबाई मुद्रिते तपाशीत. कान पुरते गेले होते, मुलगी गेली होती, तरी कागद रोज टेबलावर येत आणि दुरुस्त होऊन परत जात. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या वारल्या तेव्हा तपासणीचे काम संपत आले होते. उरलेले पुस्तक त्या बायकांनीच छापून पुरे केले.